परदेशातले शनिवार-रविवार



कामण रोडवरून गाडी पकडून कॉलेज पुरे केलेला माझा भाचा गेल्या वर्षी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, लीड्सला शिकायला गेला. भिवंडी रस्त्यावरच्या गोडाऊनमध्ये माल उतरवणाऱ्या बापाचा हा मुलगा. निरोपाला सारी वस्ती लोटली होती. चार महिन्यांनी तीच वस्ती कुजबुजू लागली. कारण काय, तर मोबाईलवर आलेले फोटो. एका शनिवारी हा डोंगरावर, दुसऱ्या शनिवारी लंडनला.

माझी थोरली बहीण डोळे पुसतच घरी आली. म्हणाली, "बाबासाहेबांनी तिथे पोट मारून अभ्यास केला. आणि हा सहली काढतोय! लोकांना काय तोंड दाखवू?"

बहिणीचे बोलणे अगदीच खोटे नव्हते. बाबासाहेब 1916 साली लंडनला पोचले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना अर्धा अभ्यास टाकून परतावे लागले. पुन्हा जायला 1920 साल उजाडले. 1923 पर्यंत एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी, तिन्ही पदरात पाडून घ्यायचे होते. त्या माणसाला कसला रविवार? पण तोच नियम आपण पोराला लावायचा का, हे मला ठरवता येईना. म्हणून मीच फोन केला.

आधी तो काही बोलेना. मग हळूहळू मोकळा झाला. "मावशी, नोव्हेंबरपासून इथे दुपारी चारलाच अंधार पडतो. शुक्रवारी संध्याकाळी खोलीचे दार लावले की सोमवारपर्यंत कुणाशी एक शब्द नाही. पुस्तक उघडे असायचे आणि मी छताकडे बघत पडायचो. जेवणसुद्धा करावेसे वाटेना. आईला हे कसे सांगू?"

भगिनींनो, एवढे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. आपण त्याला दर रविवारी फोनवर काय विचारत होतो? मार्क किती पडले!

नागपूरकडच्या एका विद्यार्थ्याने त्याला ओढून बाहेर काढले. आधी जवळच्या सॉल्टेअरला नेले. टायटस सॉल्ट नावाच्या मालकाने 1853 साली तिथे गिरणी सुरू केली आणि कामगारांसाठी गाव वसवले. दगडी घरे, शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांसाठी घरे. दारूचा गुत्ता मात्र काढू दिला नाही. (आमच्या वस्तीला असा मालक मिळता तर!) लंडनला तो गेला ते किंग हेन्रीज रोडवरचे 10 नंबरचे घर बघायला. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते विकत घेतले.

खर्चाचेही मी खोदून विचारले. विद्यार्थ्यांना रेल्वेचे कार्ड मिळते, त्यावर तिकिटात एक तृतीयांश सूट. मोठ्या सरकारी संग्रहालयांना तिकीट नाही. डबा घरचा. अभ्यासाच्या दिवसांत आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी असते; त्याप्रमाणे तो एका हॉटेलात भांडी घासतो आणि त्यातून हे भागवतो. शिष्यवृत्तीला हात लावलेला नाही.

पण खरी गोष्ट ब्रॅडफर्डची. तिथल्या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे. साचे बघता बघता त्याला कळले की, लँकेशायरच्या सुती गिरण्यांतले विणकर धोट्यात नवी कांडी घातली की भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायचे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागायची, रोग पसरायचे. 1952 साली कायद्याने ते बंद केले.

आमचे बाबा रिंग खात्यात, त्यांचे वडीलही रिंग खात्यात. 1982 च्या संपानंतर परळ सुटले आणि आम्ही कामणला आलो. बाबा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळी साच्यावर पगार जास्त होता, पण आपल्या माणसाला साचे खात्यात घेत नसत. कारण हेच! आपल्या तोंडचा धागा त्यांना विटाळ. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता.

"मावशी," भाचा म्हणाला, "तोच धोटा. इथे त्याने माणसे आजारी पडली, आपल्याकडे त्याने पोटावर पाय दिला. आजोबा असते तर त्यांना आत्ता फोन लावला असता."

हे मी बहिणीला जसेच्या तसे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग बाबांची ट्रंक काढून गिरणीचा पास शोधू लागली. पोराला त्याचा फोटो पाठवायचा आहे म्हणाली.

यंदा ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी रविवारच्या फोनवर आधी विचारावे, जेवलास का, आज कुणाशी बोललास? मार्कांचे सोमवारी विचारले तरी चालते.