रोग दिसतो, व्यसन नजरेतून सुटते

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत गुटखा खाणाऱ्यांची रांगही आहे. गालाच्या ज्या कोपऱ्यात मावा किंवा खर्रा धरला जातो, तिथेच पांढरा चट्टा उमटतो. सुपारीने गाल आतून ताठरतो आणि पुढे तोंडात दोन बोटेही जाईनाशी होतात. कर्करोगाची ही आधीची पायरी अनेकदा प्रथम दंतवैद्यालाच दिसते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते आणि त्यांतले बहुतेक ती ओढत नव्हते, तोंडात धरत होते.

दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे असावीत, यासाठी २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. प्रश्न केंद्राच्या फलकाचा नाही, विद्यार्थ्याच्या सरावाचा आहे. त्याने किती दात काढले, किती भरले, याची नोंद होते आणि त्यावर शिक्षकाची सही लागते. रुग्णाशी व्यसनाबद्दल बोलण्याला तसे वजन नाही. मग तो ‘तंबाखू सोडा’ एवढे बजावून पुढच्या रुग्णाला बोलावतो. मिश्री लावणाऱ्या आजींना ‘व्यसन आहे का?’ विचारले, तर त्या सरळ ‘नाही’ म्हणतात. ‘सकाळी दाताला काय लावता?’ असे विचारले की खरे कळते. तंबाखू सोडल्यावरची चिडचिड, उडालेली झोप, पुन्हा लागलेली सवय ही मनोदौर्बल्याची नव्हे, व्यसनाच्या आजाराची लक्षणे आहेत, हे विद्यार्थ्याला शिकवावे लागते. दारूचेही तेच. यकृत बिघडलेल्या मद्यपीचा दात काढल्यावर रक्त थांबेनासे होऊ शकते. म्हणून दारूची विचारपूस आधीच व्हायला हवी आणि तीही न लाजवता.

आंतरवासिता काळात काही दिवस व्यसनमुक्ती केंद्रात काढणे सक्तीचे करावे. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या संस्थेत सुटका आणि घसरण दोन्ही जवळून पाहता येतात. व्यसनात अडकलेल्या विद्यार्थ्यालाही कारवाईच्या धाकाविना मदत मिळावी. राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. नव्या व्यवस्थेने अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकातच समुपदेशन आणि महिन्यानंतरचा पाठपुरावा यांना गुण ठेवावेत. ज्याला गुण नाहीत ते विद्यार्थी मनावर घेत नाहीत, हे परीक्षकांना वेगळे सांगायला नको.