मन्नारचे आखात : आधी विचारा, मग शोधा

इंजिनिअरिंग संपल्यावर माझी पहिली नोकरी पुण्यात होती. काम होते सिस्मिक डेटावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचे. समुद्रात सर्वेक्षणाचे जहाज फिरते. त्याच्या मागे ओढल्या जाणाऱ्या एअरगनमधून दर काही सेकंदांनी दाबलेली हवा स्फोटासारखी सोडली जाते. तो आवाज तळाखालच्या खडकांवर आपटून परत येतो आणि काही किलोमीटर लांबीच्या केबलवरचे हायड्रोफोन तो टिपतात. त्या नोंदींतून आम्ही खडकांचे चित्र तयार करायचो. तेल-वायू कुठे असू शकेल, याचा अंदाज त्यावरूनच बांधतात.

या कामात नको असलेला आवाज आधी काढून टाकावा लागतो. लाटांचा आवाज, जहाजाच्या इंजिनाचा आवाज, सगळे गाळायचे. तळाच्या वरचा, म्हणजे नुसत्या पाण्याचा थर तर आम्ही सरळ शून्य करून टाकायचो. तिथे तेल नसते.

माझ्या शेजारी बसणारा सहकारी तामिळनाडूतल्या कीळकरैचा, मासेमार घरातला. एकदा डबा खाताना त्याने विचारले, "भाई, या पाण्यात आमच्या लोकांची जाळी असतात. ती तुझ्या स्क्रीनवर कुठे दिसतात?" मी हसून विषय बदलला.

2025 मध्ये एक बातमी वाचली आणि तो प्रश्न पुन्हा समोर आला. केंद्र सरकारने फेब्रुवारीत तेल-वायू शोधासाठी बोलींची दहावी फेरी जाहीर केली. तिच्यात मन्नारच्या आखातालगतचा, खोल समुद्रातला सुमारे 9,990 चौरस किलोमीटरचा पट्टा होता. मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून तो वगळण्याची मागणी केली. तुम्हाला त्यांचा पक्ष आवडो वा न आवडो, माझ्या मते ती मागणी योग्य आहे.

हा समुद्र साधा नाही. तुतिकोरिन ते रामेश्वरम या किनाऱ्यालगत 21 बेटांची माळ आहे. 1986 मध्ये तिला सागरी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. 1989 मध्ये भोवतालचे 10,500 चौरस किलोमीटर जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. इथे प्रवाळ आहेत, समुद्री गवताची कुरणे आहेत आणि त्या गवतावर जगणारा डुगाँग आहे. कीळकरै आणि कायलपट्टणम ही तामिळ मुसलमानांची जुनी गावे याच किनाऱ्यावर, एकेकाळी मोत्यांच्या व्यापारावर वाढलेली. रामनाथपुरम जिल्ह्यातल्या बायका आजही बुडी मारून समुद्रशेवाळ गोळा करतात. या समुद्राने मार आधीच खाल्ला आहे. पूर्वी बांधकामासाठी आणि चुन्यासाठी प्रवाळ खणून नेले गेले. 21 पैकी दोन बेटे आता पाण्याखाली आहेत.

"पण हा तर फक्त शोध आहे, उत्खनन थोडेच आहे?" असे विचारले जाते. मीही तेव्हा स्वतःची समजूत अशीच घालायचो. पण शोधाचाही परिणाम होतो. 1990 च्या दशकात नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात एअरगनचा परिणाम मोजला. कॉड आणि हॅडॉक माशांची ट्रॉलने होणारी पकड सरासरी निम्म्यावर आली आणि घट सर्वेक्षणाच्या जागेपासून 18 सागरी मैलांपर्यंत दिसली. 2017 मध्ये टास्मानियाजवळच्या प्रयोगात एअरगनपासून 1.2 किलोमीटर अंतरापर्यंत प्राणीप्लवकांचे मृत्यू वाढलेले आढळले. माशांची पिल्ले यांच्यावरच जगतात. पट्टा उद्यानाच्या हद्दीबाहेर खोल पाण्यात आहे, हे खरे. पण आवाजाला आणि तेलाच्या तवंगाला नकाशावरची हद्द कळत नाही.

तवंग म्हणजे काय ते आपल्या किनाऱ्यालाही ठाऊक आहे. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल सांडले. मुंबई-रायगडच्या मच्छीमारांचा धंदा बसला, लोक मासळी घ्यायला घाबरू लागले. ते एका जहाजातले तेल होते. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनच्या दुर्घटनेत 11 कामगार गेले आणि विहीर 87 दिवस वाहत राहिली. ती विहीर खोदण्याचे कामही शोधासाठीचेच होते.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र नियमावर आहे. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेल-वायूच्या शोध प्रकल्पांना बी-2 वर्गात टाकले. या वर्गात सविस्तर पर्यावरणीय आघात अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. ती पुढच्या टप्प्यावर, उत्पादनाच्या वेळी. म्हणजे कोट्यवधी रुपये ओतून तेल सापडले की मग मच्छीमाराला विचारायचे, "तुझी हरकत आहे का?" तोवर निर्णय झालेला असतो, सुनावणी उरते नावाला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. माझ्या अब्बांनी आखाती देशात तेल कंपनीच्या यार्डात वेल्डिंग केले. माझी फी त्याच पैशातून भरली गेली. आपल्यापैकी कितीजणांच्या घराचा स्लॅब असाच पडला आहे! मग मी कोणत्या तोंडाने तेलाला विरोध करू? शिवाय देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक आयात करतो. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण तेल हवे की नको, हा इथला प्रश्नच नाही. ते कुठे शोधायचे आणि कोणाला विचारून, हा प्रश्न आहे. मुंबई हायमध्ये 1974 मध्ये तेल मिळाले आणि ते आजही आपण वापरतो. म्हणून उरलेला प्रत्येक समुद्र खोदलाच पाहिजे, असे होत नाही. काही जागा सोडायच्या असतात. बेलिझ हा आपल्या एखाद्या शहराहून कमी लोकवस्तीचा, श्रीमंत नसलेला देश. 2012 मध्ये तिथल्या संघटनांनी लोकमत घेतले, मत देणाऱ्यांपैकी सुमारे 96 टक्के लोकांनी समुद्रातल्या तेलशोधाला नकार दिला. 2017 च्या अखेरीस तिथल्या संसदेने त्यावर कायद्याने बंदी घातली. पुढच्याच वर्षी त्यांचे प्रवाळ युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीतून बाहेर आले.

आपण अमानत हा शब्द लहानपणापासून ऐकतो. अमानत म्हणजे आपल्या ताब्यात असलेली, पण आपल्या मालकीची नसलेली वस्तू. समुद्र ही तशीच गोष्ट आहे. तो कंपनीचा नाही, सरकारचा नाही आणि केवळ आजच्या मच्छीमारांचाही नाही.

म्हणून मागण्या दोनच. मन्नारच्या आखातालगतचा पट्टा कायमचा वगळा. आणि संरक्षित सागरी क्षेत्राजवळ शोधाची परवानगी देण्याआधी जनसुनावणी घ्या, तीही तिथल्या लोकांच्या भाषेत. दुसरी मागणी आपल्यासाठीही आहे. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासून आहे आणि हाच नियम आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. उद्या तिथे कोणी शोधाला आले, तर हर्णै, मिरकरवाडा आणि मालवणच्या लोकांना कोण विचारणार?

तुमच्यातले बरेचजण माझ्यासारखेच कोड लिहिणारे आहेत. बोलीसाठी काढलेल्या पट्ट्यांचे नकाशे जाहीर असतात. ते घेऊन गावातल्या तांडेलांजवळ बसा. कोणती मासळी कोणत्या महिन्यात कुठे मिळते, ते त्यांना विचारा आणि त्याच नकाशावर भरा. अशी नोंद हातात असली की "तिथे काहीच नाही" असे कोणाला म्हणता येणार नाही.

ती नोकरी मी सोडून बरीच वर्षे झाली. कीळकरैच्या मित्राला मध्यंतरी फोन केला आणि त्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. जाळी स्क्रीनवर दिसत नव्हती, कारण पाण्याचा थर आम्हीच पुसत होतो.