माणूस कुठला ठरवायचा?

मराठीत ‘तड’ म्हणजे काठ. हाती घेतलेले काम पुरे झाले की ते ‘तडीस नेले’ असे आपण म्हणतो. नकोसा माणूस हद्दीबाहेर काढला की तो ‘तडीपार’ झाला असेही म्हणतो. एकाच शब्दाचे हे दोन प्रयोग वर्गात शिकवताना दरवेळी मनात येते, की माणसाला काठापलीकडे लोटून दिल्याने खरोखर काही तडीस जाते का? परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या व्यक्तीने गंभीर गुन्हा केला, तर शिक्षा भोगून झाल्यावर तिला मूळ देशात धाडावे की नाही, हा आज अनेक देशांत पेटलेला वाद. मला तो याच शंकेचा विस्तार वाटतो.

या वादाची सर्वांत बोलकी भूमी म्हणजे ऑस्ट्रेलिया. १७८८ पासून १८६८ पर्यंत ब्रिटनने आपले सुमारे एक लाख साठ हजार गुन्हेगार जहाजांत भरून तिथे नेऊन सोडले. आपल्याकडच्या ‘काळ्या पाण्या’चेच हे भावंड. नको असलेली माणसे समुद्रापलीकडे टाकली की समाज शुद्ध होतो, हा त्यामागचा विचार. त्याच ऑस्ट्रेलियाने आपल्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यातील ५०१ वे कलम २०१४ च्या अखेरीस कठोर केले. नागरिक नसलेल्या व्यक्तीला १२ महिने वा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झाली आणि ती तुरुंगात असली, की तिचा परवाना रद्द करणे बंधनकारक झाले. परवाना परत मिळावा म्हणून ती विनंती करू शकते. पण निकाल लागेपर्यंत तिचे जगणे बहुधा स्थलांतरितांच्या कोठडीत जाते.

या कलमाचा सर्वाधिक फटका बसला तो न्यूझीलंडच्या नागरिकांना. तीन हजारांहून अधिक माणसे अशी परत धाडली गेली. त्यांतले कित्येक जण लहानपणी आईबापांचे बोट धरून ऑस्ट्रेलियात आलेले. शाळा तिथली, मित्र तिथले, बोलण्याची ढब तिथली, आणि गुन्हाही तिथेच शिकलेले. न्यूझीलंडमध्ये त्यांना ‘५०१’ याच नावाने ओळखतात. माणसाचे नाव पुसून कलमाचा आकडा उरला. २०२० च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सिडनीत, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांच्या शेजारी उभे राहून, याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

या धोरणाच्या बाजूने जे बोलले जाते ते मात्र उडवून लावण्यासारखे नाही. कोणाला घरात घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. प्रवेश देताना एक अलिखित करार होतो, आणि बलात्कार वा खून करणारा तो करार स्वतःच मोडतो. शिवाय ज्याच्यावर घाव झाला, त्याचा विचार आपण साहित्याची माणसे फार कमी करतो. आपल्या कथाकादंबऱ्यांना गुन्हेगाराच्या मनात शिरायला आवडते. ज्या मुलीवर अत्याचार झाला ती मात्र बहुधा एका परिच्छेदापुरती येते. आपल्यावर अत्याचार करणारा त्याच शहरात मोकळा फिरतो आहे, या जाणिवेसह जगणे काय असते, हे त्या मुलीला विचारावे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने देशाशी असलेल्या दीर्घ नात्याला अधिक वजन द्यावे असा निर्देश काढला. त्याच्या आधारे लवादाने काही अतिशय गंभीर गुन्ह्यांतील व्यक्तींचेही परवाने कायम ठेवले, तेव्हा २०२४ मध्ये लोकक्षोभ उसळला आणि निर्देश बदलावा लागला. हा क्षोभ सगळाच द्वेषातून आला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणून माझे उत्तर सरसकट ‘नाही’ असे नाही. जो प्रौढ वयात, स्वतःच्या निर्णयाने आला, आणि ज्याने हिंसक, गंभीर गुन्हा केला, त्याला शिक्षा भोगल्यावर परत पाठवणे मला न्याय्य वाटते. अट एकच, की परत गेल्यावर छळ वा मृत्यू त्याची वाट पाहत नसावा. त्याची घडण दुसरीकडे झाली, त्याची भाषा, नाती, आठवणी तिकडे आहेत. तो परक्या ठिकाणी फेकला जात नाही, जिथून निघाला तिथे परततो.

परंतु जो दोन वा पाच वर्षांचा असताना आला, त्याला कुठे ‘परत’ पाठवायचे? ‘परत’ या क्रियाविशेषणातच येथे असत्य आहे. तो जिथून आला असे आपण म्हणतो, तिथे तो कधी होताच कुठे? पारपत्रावर देशाचे नाव असते, पण माणूस पारपत्रात घडत नाही. तो घरात, गल्लीत, शाळेत आणि कधी कधी बालसुधारगृहात घडतो. ही सगळी ठिकाणे ज्या देशाची, त्या देशाचे ते मूल. तो चांगला निघाला असता, पोहण्यात पदक मिळवले असते, तर त्याच देशाने त्याला आपला म्हणून मिरवले असते. यश आपले आणि अपयश परक्याचे, हा व्यवहार कोणत्या न्यायात बसतो?

न्यायसंस्थांनाही हे कळलेले दिसते. सहा वर्षांचा असताना बल्गेरियातून ऑस्ट्रियात आलेल्या एका तरुणाच्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले, की ज्याचे सारे वा बहुतांश बालपण त्या देशात कायदेशीररीत्या गेले, त्याला बाहेर काढण्यासाठी अतिशय गंभीर कारणे लागतात. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने ठरवले, की परदेशात जन्मलेल्या आणि तिथलेच नागरिक असलेल्या आदिवासी वंशाच्या व्यक्तीलाही संविधानाच्या अर्थाने ‘परकी’ मानता येणार नाही. मातीशी असलेले नाते कागदाहून जुने असू शकते, हे तिथे कायद्याच्या भाषेत मान्य झाले.

हद्दपारीचे कोरडे फळही पाहावे. एल साल्वादोरमधील १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धातून पळालेली कुटुंबे लॉस एंजेलिसमध्ये आली. त्यांच्या मुलांच्या टोळ्या त्या अमेरिकन शहराच्या रस्त्यांवर जन्मल्या. युद्ध संपल्यावर, विशेषतः १९९६ च्या कठोर कायद्यानंतर, त्यातील अनेकांना अमेरिकेने एल साल्वादोरला धाडले. युद्धाने मोडलेल्या त्या चिमुकल्या देशात या टोळ्या फोफावल्या, हजारो लोक मेले, आणि त्या हिंसेला कंटाळून नवी कुटुंबे पुन्हा अमेरिकेच्या सीमेकडे चालू लागली. न्यूझीलंडनेही ऑस्ट्रेलियातून आलेल्या मोटारसायकल टोळ्यांचा अनुभव घेतला. २०१५ मध्येच तिला अशा परतणाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी घाईघाईने कायदा करावा लागला होता. गुन्हा संपला नाही. त्याचा पत्ता बदलला.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ५६ व्या कलमाखाली आपण माणसे जिल्ह्याबाहेर काढतो, फार तर दोन वर्षांसाठी. एका जिल्ह्याचा तडीपार दुसऱ्या जिल्ह्याचा पाहुणा होतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बजावले, की हा असाधारण उपाय आहे आणि तो अपवादानेच वापरावा. दोन वर्षांच्या तडीपारीलाही इतका विचार हवा असेल, तर जन्मभराच्या हद्दपारीला किती हवा?

आणि हा प्रश्न दूरचाही राहिलेला नाही. आमच्या महाविद्यालयातून शिकून गेलेले किती तरी विद्यार्थी आज मेलबर्न, सिडनी येथे आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून काही कुटुंबे वर्षानुवर्षे भारतीय पारपत्र आणि तिथला कायम वास्तव्याचा परवाना यांवर राहतात. त्यांची मुले मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. यांतले एखादे मूल वाट चुकले, तर कायद्याच्या लेखी ते भारतीय ठरेल आणि पुणे वा नागपूरच्या विमानतळावर त्याला उतरवले जाईल. तिथे उभा असलेला तो तरुण आपला आहे असे आपण म्हणू का? बहुधा आपण म्हणू, की हा तर तिकडे बिघडला. आणि ते म्हणणे खरेच असेल.

शिक्षा व्हावी, कठोर व्हावी. पीडितेपासून त्याला दूर ठेवणारे निर्बंध शिक्षेनंतरही असावेत, आणि ते पाळले जातात की नाही यावर राज्याने खर्च करावा. ते कठीण आहे, महागही आहे. विमानाचे तिकीट काढणे सोपे. पण जे मूल आपल्या अंगणात वाढले, त्याचे वाईट निघणे हेही त्या अंगणाचेच. त्याला काठापलीकडे लोटणारा समाज आपले काम तडीस नेत नाही. ते शेजाऱ्याच्या दारात अर्धवट टाकून येतो.