सरपंचाबरोबर गावही प्रशिक्षणाला बसवा

ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या २०११ साली. पण सरपंचांना शिकवण्याची रीत फारशी बदललेली नाही. तालुक्याच्या सभागृहात दिवसभर भाषणे, पडद्यावर योजनांची यादी, मग जेवण, प्रमाणपत्र, फोटो. आरक्षण फिरते, त्यामुळे ऐकणारी बाई बहुतेकदा पहिल्यांदाच पदावर आलेली असते. ती गावी परतते तेव्हा ग्रामसेवक, उपसरपंच, जुने कारभारी होते तसेच असतात. शिकून आलेली ती एकटीच, आणि एकटीच्या जिवावर ग्रामपंचायत चालत नाही.

या सदरात मी ग्रामसभांविषयी वरचेवर लिहितो, आणि दर वेळी मला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपची आठवण होते. २०१६ साली कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत गावागावांतली ही जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली. बक्षिसाची चर्चा खूप झाली, प्रशिक्षणाची कमी. गावातून एकटा पुढारी नेला नाही. काही जणांची टोळी, बाया आणि गडी दोन्ही, निवासी प्रशिक्षणाला गेली. तिथे खेळ होते, गाणी होती, शिवारफेरी होती. लाकडी ए-फ्रेम हातात घेऊन समतल रेषा आखायची होती आणि ती एकट्याने आखणे अवघड असते. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र फळ्यावर कळते. पण उतारावर चौघांनी मिळून चर आखताना कोण पुढाकार घेतो, कोण ऐकतो, कोण रुसतो, हेही कळते. गावी परतल्यावर श्रमदानाला माणसे जमवताना ही ओळख कामी येते. नाल्यांच्या खोलीकरणावर आणि यंत्रांच्या वापरावर जाणकारांनी आक्षेप घेतले आहेत, ते गंभीरपणे ऐकायला हवेत. मी बोलतो आहे ते माणसे घडवण्याच्या रीतीविषयी.

तीच रीत पंचायतीला लावा. सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, विरोधी पॅनेलचा एक सदस्य आणि बचत गटातली एक बाई, असे पाच जण एकाच गावातून तीन दिवसांसाठी बोलवा. त्यांच्यासमोर पाणंद रस्त्याचा वाद ठेवा आणि भूमिका बदला. सरपंचाने रस्ता अडवलेल्या शेतकऱ्याची बाजू मांडायची, ग्रामसेवकाने सरपंच व्हायचे, विरोधकाने इतिवृत्त लिहायचे. मग गावाचाच आराखडा पुढ्यात घ्या. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो; उरलेल्यात अंगणवाडीची दुरुस्ती आधी की गटार, हे पाच जणांनी भांडून ठरवू द्या. आकडे वाचणे, विरोध ऐकून घेणे, ‘नाही’ म्हणणे, चूक कबूल करणे, हे सगळे अशा एका दुपारी करावे लागते. भाषणातून यातले काहीच येत नाही.

यात आणखी एक गोष्ट साधते, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. या पाच जणांत सरपंचपतीला जागा नाही. तीन दिवस ग्रामसेवकाला आणि उपसरपंचाला थेट सरपंच बाईशीच बोलावे लागते, तिचे म्हणणे खोडायचे तरी तिच्याकडे बघूनच. ती सवय गावी जाते.

खर्च वाढेल, ग्रामसेवक तीन दिवस गावात नसेल, विरोधी पॅनेलवाले येणार नाहीत, असे अधिकारी सांगतील. पहिल्या दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. तिसरीवर उपाय आहे: विरोधक आल्याशिवाय त्या गावाची तुकडी भरू नये. आणि हे सगळे निवडणुकीनंतर लगेच, नव्या पंचायतीची पहिली ग्रामसभा भरण्याआधी व्हायला हवे.