एम-आरएनए म्हणजे घड्याळ नव्हे

जैविक घड्याळाविषयी बातमी आली, की एक वाक्य हमखास वाचायला मिळते: अमुक जनुक शरीराची वेळ ठरवते. 2017 च्या नोबेलनंतर तर ते सुभाषितासारखे पाठ झाले. विद्यार्थिमित्रहो, हे अर्धसत्य आहे आणि त्याच्या भरवशावर आखलेले प्रयोग फसतात.

पाठ्यपुस्तकातले चित्र असे: ‘क्लॉक’ आणि ‘बीमाल-1’ ही प्रथिने ‘पर’ व ‘क्राय’ या जनुकांचे प्रतिलेखन सुरू करतात, त्यातून घडलेली प्रथिने केंद्रकात परतून तेच प्रतिलेखन थोपवतात. चित्र खोटे नाही. पण हा फेरा काही तासांत न आटोपता 24 तास का घेतो, याचे उत्तर त्यात नाही. 1988 मध्ये अवघ्या 20 तासांचा दिवस जगणाऱ्या ‘टाउ’ हॅमस्टरची नोंद झाली. त्याचा दोष 2000 मध्ये उमगला, तो केसीन कायनेज या विकराच्या जनुकात. हे विकर ‘पर’ प्रथिनाला फॉस्फेट जोडते. म्हणजे घड्याळाची गती प्रथिन घडून गेल्यावर ठरते! माणसाच्या तांबड्या रक्तपेशीत तर केंद्रकच नसते. तरीही 2011 मध्ये तिच्या पेरॉक्सिरेडॉक्सिन प्रथिनांत सुमारे 24 तासांची लय आढळली. आणि उंदराच्या यकृतात लयबद्ध चढउतार दाखवणाऱ्या एम-आरएनएंपैकी जेमतेम 22 टक्क्यांमागे नव्या प्रतिलेखनाची लय असते, हे 2012 मध्येच दिसले आहे.

यावरून ‘प्रतिलेखन बिनकामाचे’ अशी आरोळी ठोकणारेही तितकेच उतावीळ. नील-हरित जीवाणूंची तीन प्रथिने परीक्षानळीत लय राखतात, हा त्यांचा आवडता दाखला. पण ती प्रथिने प्राण्यांत नाहीतच. ‘बीमाल-1’ नसलेल्या उंदराला अखंड अंधारात ठेवले, की त्याच्या हालचालींची लय कोसळते.

हा वाद आपल्याला परका नाही. हिवाळ्यात आपल्या ज्वारीच्या शेतांवर उतरणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारिटांवर दिल्ली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. विनोद कुमार यांच्या गटाने काम केले. हिवाळी आणि स्थलांतरी अवस्थांत घड्याळाच्या जनुकांचे एम-आरएनए वेगळ्या तऱ्हेने आंदोलतात, असे त्यांना दिसले. काम मोलाचे आहे. मात्र त्यावरून ‘स्थलांतरात घड्याळच बदलते’ असा मथळा देणे ही वार्ताहराची उडी. एम-आरएनए मोजणे हाताशी आहे. रानपक्ष्यांच्या प्रथिनांना नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे सहज मिळत नाहीत. अडचण खरी आहे, पण अडचण म्हणजे पुरावा नव्हे. भारिटावर पीएचडी करू पाहणाऱ्याने मार्गदर्शकांना पहिल्याच बैठकीत विचारावे: ‘पर’ प्रथिनावर कोणत्या प्रहरी किती फॉस्फेट असतात, हे आपण कसे मोजणार?