पेल्याच्या तळाशीं

आपल्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे ‘कीर रॉयाल’ नांवाचें एक पेय प्रतिष्ठा पावलें आहे. निमुळत्या पेल्याच्या तळाशीं थोडी काळसर तांबडी फलमदिरा घालावयाची व वर नऊपट थंडगार फेसाळ वाइन अलगद ओतावयाची. ढवळावयाचें नाहीं, ढवळल्यानें बुडबुडेच निघून जातात. एवढेंच याचें शास्त्र! मदिरा वर्ज्य मानणारांशीं येथें माझा वाद नाहीं. त्यांची भूमिका निदान सरळ आहे. वाद आहे तो पिणारांच्या परधार्जिणेपणाशीं.

हा कीर कोण? फ्रान्समधील दिजाँ नगराचा नगराध्यक्ष आणि धर्मगुरु. 1945 पासून 1968 सालीं मरेपर्यंत तो त्या पदावर होता. पाहुणा आला कीं आपल्या प्रांताची आंबटसर पांढरी वाइन व तेथल्याच कासिस नामक काळ्या फळाची गोड मदिरा एकत्र करून तो त्याच्या हातीं देई. मिश्रण जुनेंच, दोन स्थानिक पिकांचा एका पेल्यांत प्रचार करण्याची अक्कल मात्र त्याची. फेसाळ वाइन व ‘रॉयाल’ हें बिरुद हा पुढचा थाट.

आम्हीं पेला उचलला, अक्कल तेथेंच ठेवली. सोलापूर जिल्ह्यांतच, अकलूजकडे, फेसाळ वाइन तयार होते. सोलापुरी डाळिंबास 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्रहि आमच्याच गांवीं आहे. तरी येथला यजमान ऐटीनें सांगतो कीं, कासिसची बाटली खास दिजाँहून आणविली आहे! त्या बाटलींत लिटरमागें निदान 400 ग्रॅम साखर असते. साखरेचा दुष्काळ या जिल्ह्यांत केव्हांपासून पडला?

कोणी म्हणेल, डाळिंबास कासिसची चव नाहीं. नसेना! कासिसला तरी डाळिंबाचा तो तुरटपणा कोठें आहे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत द्राक्षमद्याचीं कापिशायन, हारहूरक अशीं प्रदेशावरून पडलेलीं नांवें आहेत. तेव्हां पेयानें आपला मुलूख सांगावा हें आम्हांस फ्रेंचांकडून शिकण्याचें कारण नव्हतें.

2022 च्या जानेवारींत मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्य सरकारनें जाहीर केला आणि त्यावर गदारोळ उठला, तेव्हां याच दिवाणखान्यांतून शेतकऱ्याविषयीं केवढा कळवळा दाटला होता! तो पेल्याच्या तळापर्यंत कां पोंचत नाहीं? सालीवर ओरखडा असलेलें डाळिंब पडत्या भावानें जातें. आंतला रस तोच असतो. त्या रसाची मदिरा करावयास कारखानदार पुढें यावा, तर आधीं ती मागणारा यजमान हवा. आणि तो तर दिजाँच्या बाटलीवरील चिठ्ठी पाहुण्यांस वाचून दाखविण्यांत गुंतला आहे.