मॉडेल भारी, पण कागदावर काय उतरलं?

स्केचअप, रेव्हिट, ऑटोकॅड शिकणाऱ्या सगळ्यांना एक सरळ प्रश्न. तुमचं ड्रॉइंग कागदावर छापून, त्याला कंपासपेटीतली पट्टी लावून तुम्ही कधी बघितलंय? स्क्रीनवर नाही, कागदावर. उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

आपल्या उदगीरसारख्या गावातही आता घर बांधायला काढलं की आधी थ्रीडी लागतो. मालकाला मोबाइलवर एलिवेशन बघायचं असतं, घरातल्या पोरांना ते स्टेटसला ठेवायचं असतं. डिप्लोमा झालेली, क्लास केलेली मुलं-मुली घरच्या लॅपटॉपवर ते बनवून देतात. दोन पैसेही मिळतात. इथपर्यंत सगळं झकास. पण मिस्त्री काही लॅपटॉप उघडून बघत नाही. त्याच्या हातात येतो तो कागद, नाहीतर मोबाइलवर आलेली पीडीएफ. मॉडेलमधून तो कागद बाहेर काढायचं काम, म्हणजे एक्सपोर्ट. त्याला आपण शेवटचं बटण समजतो. दाबलं की झालं!

माझं मत स्पष्ट आहे. एक्सपोर्ट येत नसेल, तर सॉफ्टवेअर येत नाही.

फोटो फाटतो कुठं?

सगळ्यात कॉमन तक्रार : ‘स्क्रीनवर एकदम क्लिअर होतं, प्रिंटमध्ये फाटलं.’ मग दोष प्लॉटरवाल्याला. खरं तर हे पाचवीचं गणित आहे. साध्या लॅपटॉपची स्क्रीन १९२० बाय १०८० पिक्सेलची. तेवढ्याच आकाराचं चित्र एक्सपोर्ट करून ए-३ कागदावर पसरलं, तर एका इंचात जेमतेम ११६ ठिपके येतात. ए-१ वर पसरलं तर ५८. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे ए-३ ला साधारण ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल पाहिजेत. आधी कागद ठरवा, मग पिक्सेल.

त्यात आपण तो फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणूनच पाठवतो. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. रेघांच्या ड्रॉइंगला जेपीजीपेक्षा पीएनजी बरं, आणि पीडीएफ त्याहून बरं.

पण पीडीएफ म्हटलं की सगळं सुटलं असंही नाही. पीडीएफमध्ये रेघ दोन प्रकारे बसते. एकतर खरी रेघ म्हणून. ती कितीही मोठी केली तरी धारदार राहते. नाहीतर ठिपक्यांचा फोटो म्हणून. रेव्हिटमध्ये व्ह्यूला सावल्या चालू ठेवल्या की तो व्ह्यू फोटोसारखा बाहेर पडतो. स्केचअपच्या लेआउटमध्ये प्रत्येक व्ह्यूला रास्टर, व्हेक्टर, हायब्रिड असे पर्याय असतात. प्लॅन आणि सेक्शनला सावली कशाला पाहिजे? ती बंद करा, व्हेक्टर निवडा, रेघा आपोआप सुधारतील.

दहा फुटांची खोली सात फुटांची

फाटलेला फोटो निदान दिसतो तरी. स्केल चुकलेलं ड्रॉइंग दिसायला छान असतं, म्हणून ते जास्त घातक.

ए-३ वर १:१०० ने बसवलेला प्लॅन दुकानात ए-४ वर छापला, तर तो १:१४१ होतो. कागदावर मात्र ‘स्केल १:१००’ असंच लिहिलेलं राहतं. त्यावर कोणी पट्टी लावली, तर दहा फुटांची खोली सात फुटांची भरते. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं, तर थोडं का होईना माप आक्रसतं. तिथं ‘ॲक्च्युअल साइज’च पाहिजे. स्केचअपमध्ये स्केलचा पर्याय धूसर दिसतोय, दाबलाच जात नाही? तुम्ही पर्स्पेक्टिव्हमध्ये आहात. कॅमेरा पॅरलल प्रोजेक्शनवर आणा, समोरचा किंवा वरचा ठरलेला व्ह्यू घ्या, मग तो पर्याय उघडतो.

यावर उपाय जुनाच आहे, नकाशे हातानं काढायचे तेव्हापासूनचा. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात पाच मीटरची एक रेघ काढा. १:१०० ला ती कागदावर बरोबर पाच सेंटिमीटर भरली पाहिजे. नाही भरली, तर तो कागद साइटवर जाता कामा नये.

बिघाड शोधायचा कसा?

एक्सपोर्ट बिघडला की आपण दहा सेटिंगं एकदम बदलतो. मग सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यापेक्षा आधी ठरवा, बिघाड मॉडेलमध्ये आहे, एक्सपोर्टमध्ये आहे की छपाईत?

पीडीएफ दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. तिथं नीट दिसतेय आणि प्रिंट खराब, तर गडबड छपाईत. पीडीएफच खराब असेल, तर नवीन कोऱ्या फाइलमध्ये एक साधा डबा काढा आणि त्याच सेटिंगवर एक्सपोर्ट करा. डबा नीट आला, तर दुखणं मॉडेलमध्ये. डबाही बिघडला, तर सेटिंगमध्ये. मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

मॉडेलमधली नेहमीची दुखणी ठरलेली आहेत. भिंतीवर पट्टे पट्टे दिसतायत? दोन पृष्ठं एकाच जागी एकावर एक बसलीत, त्यातलं एक काढा. रेघा थरथरतायत, वाकड्यातिकड्या होतायत? सर्व्हेवाल्याची फाइल जशीच्या तशी आणली असेल. उदगीर यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतं. इथले आकडे पूर्वेकडे सात लाख मीटरच्या आणि उत्तरेकडे वीस लाख मीटरच्या वर जातात. मॉडेल मूळ बिंदूपासून इतकं लांब गेलं की सॉफ्टवेअरचा हिशोब डळमळतो. प्लॉट आधी मूळ बिंदूजवळ आणा. घर एकदम २५.४ पट मोठं किंवा लहान झालंय? इंच आणि मिलिमीटरची गल्लत. पिवळ्या रेघा कागदावर गायब? ऑटोकॅडमध्ये काळी-पांढरी प्लॉट स्टाइल लावा. आणि गावाचं नाव जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं असेल, तर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नुसता अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड वापरा, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा.

चार की सहा?

‘एवढी बारीक कटकट कशाला? कागद नाही कळला तर मिस्त्री फोन करून विचारतोच की,’ असं कोणी म्हणेल. विचारतो, मान्य. ‘साहेब, इथं रिंगा चारवर लिहिल्यात का सहावर?’ पण फोन लागला नाही, संध्याकाळ झाली, सेंट्रिंगवाला घाई करतोय, तर? तो अंदाजानं बांधतो. वरून काँक्रीट पडलं की विषय संपला.

आपण लातूर जिल्ह्यातली माणसं आहोत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्ही बघितली नसेल, घरातल्या मोठ्यांनी बघितलीय. किल्लारी तेव्हा देशाच्या भूकंप-नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होतं. २००२ च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या झोनमध्ये गेला. त्या पहाटे जीव घेतले ते दगड-मातीच्या जड भिंतींनी. आज आपण आरसीसी बांधतो, पण नुसतं सिमेंट-लोखंड वाचवत नाही. कॉलम-बीमच्या जोडापाशी रिंगा जवळजवळ पाहिजेत, मधे थोड्या लांब चालतात. हे सांगणारा आकडा ड्रॉइंगवर दोन-तीन मिलिमीटर उंचीचा असतो. एक्सपोर्टमध्ये पहिला फाटतो तो हाच. रेंडरमधलं झाड फाटलं तर काही बिघडत नाही.

‘आता एआय एका मिनिटात रेंडर करून देतं, हे शिकून काय फायदा?’ हाही प्रश्न येतोच. उलट म्हणूनच शिका. सुंदर चित्र दिवसेंदिवस स्वस्त होणार. बरोबर मापाचं, वाचता येणारं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर न बिघडता उघडणारं ड्रॉइंग देणारा माणूस मात्र लागणारच. परवानगीसाठीच्या ऑनलाइन तपासणीतही सॉफ्टवेअरला तुमच्या रेंडरचं कौतुक नसतं. ते लेयर बघतं, हद्दीची रेघ पूर्ण बंद आहे का ते बघतं.

क्लासवाल्यांना आणि कॉलेजच्या सरांना, मॅडमना एक विनंती. परीक्षेत मॉडेल स्क्रीनवर बघून मार्क देऊ नका. शीट छापायला लावा आणि पट्टी लावून तपासा. ज्यांच्या हाताखाली पोरं काम शिकतात त्या इंजिनिअर मंडळींनीही ‘सकाळपर्यंत पाठव’ एवढंच न सांगता कुठला कागद, कुठलं स्केल, कुठली व्हर्जन हे आधी सांगावं.

आणि तुम्ही? तुमच्या लॅपटॉपमध्ये आत्ता असलेलं एखादं ड्रॉइंग काढा. पाच मीटरची रेघ टाका, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ‘ॲक्च्युअल साइज’वर छापा आणि पट्टी लावा. मग तो कागद घेऊन जवळच्या साइटवर जा आणि मिस्त्रीमामांना म्हणा, ‘मामा, हे वाचून दाखवा बरं.’ ते जिथं अडतील, तिथं तुमचं काम अजून बाकी आहे.